नऊ एच

दसऱ्याला आमच्याकडे चालत्या-बोलत्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. स्कूटर, लॅपटॉप, आईचं शिवणयंत्र, मिक्सर, आणि २०२० च्या टाळेबंदीपासून डिशवॉशर. त्या वर्षी धुणीभांडी अंगावर आली तेव्हा भल्याभल्यांनी हे मशीन घेतलं, त्यात आम्हीही. दुकानदार म्हणाला, "बारा जणांची भांडी मावतात." ते बारा जण युरोपातले असतात हे त्याने सांगितलं नाही. त्यांना एकेक सपाट ताटली, एक सूपची बशी आणि मूठभर काटे-चमचे लागतात. आमच्याकडे पुऱ्यांची एक कढई आत बसवली की त्यातले सात जण उठून जातात.

भांड्यांच्या मावशी दसऱ्याला येत नाहीत. "मला पण सण हाय की, त्या मशीनला सांगा," हे त्यांचं म्हणणं बिनतोड असतं. मशीन आल्यावर त्यांचं काम गेलं नाही. मशीनमध्ये घालण्याआधी भांडी खरकटी काढून विसळावी लागतात, आणि कढई, तवा, कुकर मशीनला सोसत नाहीत, असा निकाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावला होता.

तर परवाचा दसरा. जेवायला आठ माणसं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. पाहुणे वामकुक्षीला लवंडले, मी भांडी रचली, साबणाची वडी ठेवली. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब, विजयमुहूर्त लागलाय, आधी पूजा." मशीनच्या दाराला झेंडूची माळ घातली. "बंद यंत्राची पूजा करू नये," म्हणून तिने ते चालूही करायला लावलं. पट्टीवरच्या बटणांत एका बटणावर गोल चित्र आहे, ते तिला सुदर्शन चक्रासारखं दिसतं, म्हणून दरवर्षी मान त्याला. आई, बायको आणि मुलगी, तिघींनी हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. दुपारचे अडीच वाजले होते. मी नमस्कार करून दार लावलं आणि 'स्टार्ट' दाबलं.

मशीन एकदा 'टिंग' म्हणालं आणि गप्प बसलं. पडद्यावर आकडा आला: ९, आणि त्यापुढे इंग्रजी एच.

मी इंजिनिअर आहे. पुलांचा, पण आहे. मी माहितीपुस्तिका काढली. त्यात सगळे दोष 'ई'ने सुरू होत होते, 'एच'चा एकही नाही. म्हणजे दोष इतका दुर्मीळ की कंपनीलाही अजून सापडलेला नाही. एच म्हणजे हार्ड वॉटर असणार, असं मी जाहीर केलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यासाठी मशीनच्या पोटात वेगळं मीठ घालावं लागतं. आई म्हणाली, "मीठ मी परवाच घातलंय." कुठलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. स्वयंपाकघरातल्या मिठाचा डबा तपासला, भरलेला होता. हायसं वाटलं.

मग पद्धतशीर शोध. दार नीट लागलं नाही तर आतली कळ दबत नाही आणि मशीन हलत नाही. झाऱ्याचा दांडा आडवा आलाय का पाहिलं, माळेतलं झेंडूचं फूल फटीत अडकलंय का पाहिलं. सिंकखालची तोटी उघडी होती. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून धुतली, त्यात दोन रेतीचे कण निघाले. मशीनच्या तळाच्या ताटात पाणी साचलं तर एक तरंगता तुकडा वर येतो आणि सगळं थांबवतो, म्हणून मी पालथा पडून टॉर्च लावला. तिथे झुरळ होतं. ते बुडत नव्हतं, उलट माझ्याकडे पाहत होतं.

हे सगळं शोधणाऱ्या बाईंचीही मला आठवण झाली. जोसेफिन कॉक्रेन. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात यंत्र मांडलं. विवेकानंद शिकागोला बोलले तेही त्याच वर्षी, तिथेच. बाईंना भांडी घासायचा कंटाळा नव्हता, असं म्हणतात. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या बशांचे टवके उडतात, ही त्यांची तक्रार. आमच्या स्टीलला टवके उडत नाहीत, पोचे येतात. पण यंत्र आम्हीही घेतलं.

हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली. "सर, मशीन एकदा बंद करून चालू करा."

"अहो, ते चालूच होत नाही, तर बंद कसं करू?" मी तिला कोंडीत पकडलं. मग ती म्हणाली, प्लग काढा. प्लग मशीनच्या मागे, आणि मशीन सुताराने ओट्याखाली ठोकून बसवलेलं. सणामुळे माणूस तीन दिवसांनी येणार होता.

साडेतीनला पडद्यावर ८ एच आलं.

शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते टेस्टर खिशाला लावूनच सोनं वाटायला आले होते. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून त्यांनी पडदा पाहिला. "व्होल्टेज पडतंय," ते म्हणाले. "नऊ होतं ना? बघा, आठावर आलं."

साडेचारला सात. काकांनी विजयी मुद्रेने चहा मागितला. बायको म्हणाली, "ताप उतरतोय म्हणायचा." मी एका कागदावर दोन रकाने आखले, एकात वेळ, दुसऱ्यात दोष. अडीच, नऊ. साडेतीन, आठ. साडेचार, सात. साडेपाच, सहा. दोष नियमित आहे, म्हणजे यांत्रिक नसून इलेक्ट्रॉनिक आहे, असा निष्कर्ष मी खाली अधोरेखित करून लिहिला. तो कागद अजून फ्रिजवर आहे. बायको काढू देत नाही.

सहाला हार मानली. दार उघडून सगळी भांडी बाहेर काढली आणि बाह्या सरसावून घासली. श्रीखंडाची वाटी पाण्यानेच निघते, पण पुरीच्या कढईचं तेल माणसाचा स्वभाव बदलतं. मुलीने पुसली, बायकोने लावली. मशीनचं रिकामं दार मी जरा जोरातच आपटलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात पाणी पडायला लागलं. मग घुर्र. मग आत कोणीतरी पिचकाऱ्या मारतंय असा आवाज. मी दिवा न लावता गेलो. आई काठी घेऊन दाराशी उभी.

"चोर आहे का रे?"

"भांडी घासतोय बहुतेक."

"मग घासू दे."

दिवा लावला. रिकामं मशीन झेंडूची माळ घालून जीव तोडून काम करत होतं. मी वाकून चक्राच्या बटणाकडे नीट पाहिलं. कुंकू पुसलं तर खाली घड्याळ निघालं. किती तासांनी सुरू करायचं, ते सांगायचं बटण. एकदा दाबलं की एक तास. एच म्हणजे अवर. तिघी जणी, प्रत्येकीच्या हळद, कुंकू, अक्षता.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"तरीच," ती म्हणाली, "हळद लावली की ते टिंग करत होतं. मला वाटलं, आशीर्वाद देतंय."