इंजिन बांधून आलं, आता पुढे काय?
(पद्मिनीवाल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

ज्यांच्या दारात प्रीमियर पद्मिनी उभी आहे, जिचं इंजिन नुकतंच बांधून आलं आहे आणि जी चालू व्हायला तयार नाही, अशा वाचकांसाठी हे लिहिलं आहे. तुमची गाडी चालू होत असेल तर पुढचं वाचू नका. आठवडाभर थांबा आणि मग या.

साहित्य : दहा-अकरा, बारा-तेरा आणि चौदा-पंधराचे पाने, प्लगपाना, फिलर गेज, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा एक बल्ब, हात पुसायला जुनं बनियन, खडू, वही. शिवाय एक माणूस, जो सांगितल्यावर चावी फिरवेल, थांब म्हटल्यावर थांबेल आणि मधे काही विचारणार नाही. ही शेवटची वस्तू मिळणं सर्वांत कठीण. नात्यात शोधू नका.

आधी गाडीची ओळख. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून जी गाडी बनली, तिलाच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी नाव मिळालं. आरसी बुकात काहीही छापलेलं असो, घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. हे इथे सांगायचं कारण भावनिक नाही. टॅक्सी होत्या तोवर हे इंजिन झोपेत बांधणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते. आता ते पांगले, आणि निम्मं काम तुमच्या गळ्यात आलं आहे.

पहिली सूचना : मिस्त्रीला फोन करू नका. तो काय म्हणणार हे ठरलेलं आहे. “इंजिन टाइट आहे साहेब, चालवा, मोकळं होईल.” लहान मूल का रडतंय याला आजीकडे जसं ‘दृष्ट लागली असेल’ हे एकच उत्तर असतं, तसं हे वाक्य आहे. सेल्फ जड फिरतो? इंजिन टाइट. मिसिंग होतंय? इंजिन टाइट. दार लागत नाही? त्यालाही तो तेच म्हणेल. नवं इंजिन थोडं टाइट असतं हे खरं, पण त्यामुळे कार्बोरेटरमधून बार निघत नाहीत.

दुसरी सूचना : बॉनेट उघडलं की सोसायटीतली माणसं जमतील. त्यातले एक काका १९८५ साली फियाट चालवत असत. त्यांचं निदान ‘पिस्टन गेला’. दुसरे मोबाइलवर व्हिडिओ दाखवतील, तो मारुतीचा असेल. तिसरे म्हणतील, विकून टाका. तिघांनाही चहा द्या आणि तिघांचंही ऐकू नका.

आता मुद्द्याचं. काल बांधलेल्या इंजिनाच्या पोटात आज बिघाड होणं फार क्वचित घडतं. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, रिंगा हे सगळं उस्ताद सकाळी स्वतः बसवतो. मायक्रोमीटर लावून, समोरचा चहा गार होईस्तोवर. वायरी, नळ्या, क्लिपा मात्र गॅरेजातला पोऱ्या लावतो, संध्याकाळी सातला, एक डोळा शेवटच्या बसवर ठेवून. म्हणून शोध नेहमी सातच्या कामापासून सुरू करायचा आणि सकाळच्या कामाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि चांगलं बांधलेलं इंजिन पुन्हा खोलायला देतात. लेथवाल्याची तक्रार नसते.

सेल्फ नुसताच ‘टक’ करतो किंवा रडतखडत फिरतो, तर सगळे म्हणतील बॅटरी. तुम्ही नवी बॅटरी आणाल. तीही रडेल. अशा वेळी चोकची दांडी ओढून बघा. हाताला कोमट लागली, किंवा डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला, तर आनंद माना, कारण रोग सापडला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. ही तूट जोडायला तांब्याची विणलेली एक चपटी पट्टी असते, अर्थिंगची. इंजिन उतरवताना ती काढावीच लागते. परत लावायची मात्र राहून जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधत चोकच्या बारीक तारेतून जायला बघतो. खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावा. सेल्फ एकदम गर्रकन फिरला, तर नवी बॅटरी दुकानदार परत घेईल का ते विचारा. घेणार नाही.

सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. उलट कार्बोरेटरमधून फाट्कन बार निघतो आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकी लावून घेते. हे या पुस्तिकेतलं सर्वांत रसाळ प्रकरण आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. क्रँक दोन फेऱ्या मारतो तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा रोटर एकच मारतो. म्हणजे पुलीवरची टायमिंगची खूण दोनदा जुळते : एकदा कम्प्रेशनच्या शेवटी, जेव्हा ठिणगी हवी, आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, जेव्हा तिचा काही उपयोग नसतो. पोऱ्याने खूण जुळवली हे खरं. कुठली, हे त्याने पाहिलं नाही.

रेडिएटरकडचा पहिला प्लग काढा. इग्निशन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि जमलेल्या मंडळींना हळूहळू ढकलायला सांगा. (त्यांचा उपयोग इथे आहे, चहा वाया गेला नाही.) प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा. हवा अंगठ्याला जोरात उडवायला लागली की ती कम्प्रेशनची फेरी. आता खूण जुळवून थांबवा आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून बघा रोटर कुणाकडे तोंड करून उभा आहे. एक नंबरच्या वायरीकडे असेल तर दोष दुसरीकडे आहे. चार नंबरकडे असेल तर अर्ध्या फेरीचा घोळ झाला आहे. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन, त्यामुळे झाकणावर एकच्या समोर चार आणि तीनच्या समोर दोन येतो. एक-चार आणि तीन-दोन अशा वायरींची अदलाबदल केली की काम होतं. शुद्धतावाद्यांना हे पटणार नाही, ते डिस्ट्रिब्युटर उपसून सरळ बसवतील. त्यांना बसवू द्या, पण तुमच्या गाडीत नको. आणि वायरी काढताना चारही एकदम काढू नका. एवढी साधी गोष्ट ऐकली असती तर मुंबईतली निम्मी गॅरेजं उपाशी राहिली असती.

गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम झाली की सिग्नलवर बंद पडते, असं असेल तर कॉइल आणि कंडेन्सर पाहा. इंजिन बांधताना पॉइंट-कंडेन्सर नवे टाकायची रीत आहे. माझं स्पष्ट मत : जुना कंडेन्सर चालत असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा. हल्ली नवा म्हणून जो मिळतो तो कधी दगा देईल सांगता येत नाही. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर. फिलर गेज घालून बघा, नखाने नाही.

पेट्रोलचं काय? इंजिन लेथवाल्याच्या ‘उद्या’वर महिनोन्महिने पडून होतं, तेवढा काळ टाकीतलं पेट्रोलही पडून होतं. ते काढून टाका. टाकीचा गंज खरवडून खाली आलेला असतो, तो आधी फिल्टरमध्ये आणि मग कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि पेट्रोल पंपाचा पडदाही कामातून जातो. नळ्या सगळ्या बदला, खर्च किरकोळ आहे.

धुराबद्दल थोडक्यात. काळा म्हणजे चोक ओढलेला राहिला किंवा पेट्रोल जास्त जातंय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पहिले काही शे किलोमीटर चालेल, रिंगा बसायला वेळ लागतो. पांढरा, थांबायचं नाव न घेणारा, आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय : हेड गॅस्केट. सकाळच्या कामाकडे परत जायचा हा एकमेव प्रसंग. रिंगा बसाव्यात म्हणून गाडी पार्किंगमध्ये तास-तासभर नुसती चालू ठेवणारे लोक आहेत. त्याने बोअर आरशासारखा गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. रस्त्यावर काढा, ओझं पडू द्या, पन्नासच्या पुढे नेऊ नका, स्पीड मधूनमधून कमी-जास्त करा. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’चा कागद चिकटवायची जुनी पद्धत होती. आता तो वाचून कुणी हॉर्न थांबवत नाही, पण चिकटवा. निदान आपण नियम पाळला.

गाडी तापत असेल तर हेड उतरवायच्या आधी फॅनबेल्ट, रेडिएटरमधला एअर लॉक आणि मागे पडलेलं टायमिंग, एवढं बघा.

उरलेल्या नट-बोल्टांचा एक डबा मिस्त्री तुमच्या हातात देईल. “एक्स्ट्रा आहेत,” असं म्हणेल. कुर्ल्याच्या कारखान्याने एकाही गिऱ्हाइकाला एक्स्ट्रा नट दिलेला नव्हता. प्रत्येक नट कुठला आहे ते कळेपर्यंत डबा सांभाळा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत तारीख घालून लिहा आणि मगच चावी फिरवा. प्लग, कॉइल, कार्बोरेटर हे एकाच संध्याकाळी बदलून गाडी चालू झाली, तर ती कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. पुन्हा बंद पडेल तेव्हाही.

घरी कुणी विचारलं, “झाली का दुरुस्त?” तर “टायमिंग बघतोय” एवढंच सांगा. हे उत्तर कुठल्याही टप्प्यावर खरं असतं.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट पुन्हा एकदा क्रमाने आवळा आणि त्यानंतर टॅपेट तपासा, कारण हेड बसलं की गॅप बदलतो. हे कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, तेव्हा नट इंजिन पूर्ण थंड असतानाच आवळायचे, आणि टॉर्क रेंच नसेल तर हात लावायचा नाही.