काड्यांसकट एकवीस किलो

गांज्याच्या खटल्यातला आरोपी अपिलात सुटला, की कसारा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर निकालाचा निकाल लागतो. ‘मॅनेज झालं!’ जरा शिकलेला असेल तो म्हणतो, ‘टेक्निकल मुद्द्यावर सुटला.’ पंचनामा वाचायची तसदी कोणी घेत नाही. बऱ्याचदा ज्याची त्यावर सही असते, त्या पंचानेसुद्धा घेतलेली नसते.

घाटात गाडी अडवली की पंचनाम्यात मजकूर उतरतो तो साधारण असा : उग्र दर्प येणारा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, बोंडे, बिया व काड्या असलेला ओलसर गांजा, वजन 21 किलो. आता गंमत बघा. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, गांजा म्हणतो तो झाडाच्या फुलं किंवा फळं धरलेल्या शेंड्याला. शेंडा सोबत नसलेली पानं आणि बिया त्यात धरत नाही. आणि 20 किलोच्या वर गेलं की प्रमाण ‘व्यापारी’, म्हणजे किमान 10 वर्षं आणि किमान लाखाचा दंड. वीसच्या आत राहिलं तर ही किमान शिक्षा नाही. म्हणजे चार पैशांसाठी पोतं वाहणाऱ्या पोराची दहा वर्षं टांगली कशावर? काड्यांवर आणि ओलाव्यावर.

गोव्यातलं प्रकरण तर ग्रॅमांचं. एका जर्मन माणसाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, एक 7 ग्रॅमचा, एक 5 ग्रॅमचा. प्रयोगशाळेत गेला एकच, तोही पाच ग्रॅमच्या आत भरला. शिक्षा मात्र बारा ग्रॅमची, 10 वर्षं! सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये साधा हिशेब मांडला : जो तुकडा तपासलाच नाही, तो चरस होता हे कशावरून? तेव्हा चरसाचं ‘अल्प प्रमाण’ 5 ग्रॅमपर्यंत होतं. दहा वर्षांचे सहा महिने झाले. दुसरा तुकडा पाकिटात घालायला किती वेळ लागला असता हो?

मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात तर जप्त माल कोर्टासमोर आणलाच नाही. पंच फितूर झालेले. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आरोपी सुटले.

बरं, कोर्ट कागदातली चूक शोधून सरसकट दारं उघडतं म्हणावं, तर तेही नाही. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घ्यायचं 52-अ कलम पाळलं नाही, एवढ्यावरच सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं. बाकीचा पुरावा भरवशाचा असला, तर शिक्षा टिकते. शिवाय माल ताब्यात सापडल्याचं एकदा सिद्ध झालं, की पुढचा खुलासा आरोपीनेच करायचा, अशी या कायद्याची उलटी रीत. मग निदान ती पहिली पायरी तरी पोलिसांनी पक्की बांधायला नको?

अपील सुनावणीला येईपर्यंत आत बसायचं ते वेगळंच. शिक्षेला स्थगिती द्यायचा कोर्टाचा अधिकारच कायद्याने काढून घेतला होता. महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो 2000 मध्ये परत आणला. तरी 37 व्या कलमाच्या जामिनाच्या अटी आडव्या येतातच.

पंच म्हणून रात्री उचलायचा कोण, तर स्टँडवरचा रिक्षावाला. काही वर्षांनी तो कल्याणच्या कोर्टात उभा राहतो नि म्हणतो, ‘सही माझीच साहेब, पण कागद कोरा होता.’ गाडीचा मालक, माल भरणारा, माल घेणारा यांच्यापैकी एकाचंही नाव त्या कागदावर नसतं. ड्रायव्हर आणि किन्नर मात्र तीन पिढ्यांच्या पत्त्यासकट.

आणि तो काटा? पंचनाम्यात फक्त ‘इलेक्ट्रॉनिक वजनकाटा’. बहुधा जवळच्या किराणावाल्याचा. त्याच्याकडे अर्धा किलो साखर घ्यायची तर काट्याला वैधमापन खात्याचा दरसाल शिक्का लागतो. दहा वर्षं मोजणाऱ्या काट्याचा शिक्का कुठल्या सालचा होता, हे वकिलाने उलटतपासात विचारलं, की ते म्हणे टेक्निकल.