नंदीचं चौथं चाक

वर्धा जिल्ह्यात पोळ्यापेक्षा पोळ्याचा पाडवा मोठा, हे आर्वीकरांनी पुणेकरांना फोनवर सात वेळा सांगितलं होतं. सातही वेळा पुणेकर ‘असेल’ म्हणाले. ‘असेल’ म्हणजे पुण्यातलं सभ्य ‘नाही’.

चौघंही नागपूरच्या एकाच वसतिगृहातले, आता साठी ओलांडलेले. आर्वीकर शेती करतात. हिंगणघाटकर चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. पुणेकर मूळचे पुलगावचे, पण तीस वर्षांत इतके पुणेकर झाले की आता दुपारी एक ते चार फोनही उचलत नाहीत. चौथे न्यूजर्सीकर. त्यांना यंदा नातीसाठी लाकडी नंदी न्यायचा होता, आणि त्या निमित्ताने चौघांनी पोळा एकत्र करायचं ठरलं.

पहिला घोळ पुणेकरांनी घातला. गाडीत डोळा लागला, वर्धा कधी गेलं ते कळलंच नाही आणि ते सेवाग्राम स्टेशनावर उतरले. या स्टेशनाचं जुनं नाव ‘वर्धा पूर्व’. बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याला, “आश्रम इथेच ना?” असं विचारलं. आश्रम तिथून काही किलोमीटर. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. “पुलगावचे असून असं करता काय जी?” हे वाक्य पुढचे दोन दिवस आर्वीकरांनी पुरवून पुरवून वापरलं.

पोळा आर्वी तालुक्यातल्या आर्वीकरांच्या गावी. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण दिलेलं. सकाळी आंघोळ, मग शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. आर्वीकरांची जोडी गवळाऊ. पांढरी, सडपातळ, चालायला चपळ अशी ही जात वर्ध्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा या भागाची ओळख आहे. न्यूजर्सीकरांनी बैलाच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. बैलाने त्यांच्या टोपीचा वास घेतला आणि ती तोंडात धरली.

जेवताना न्यूजर्सीकरांनी थँक्सगिव्हिंगचं व्याख्यान दिलं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, तोही १९४१ च्या कायद्याने पक्का केलेला. त्या दिवशी घरोघरी टर्की, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुकानांपुढे रांगा. १९८९ पासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष एखाद-दुसऱ्या टर्कीला समारंभाने माफीही देतात.

“म्हंजे बाकीच्यांले खाता?” आर्वीकरांनी विचारलं.

“हो.”

“आभार मानाले?”

“हो, म्हणजे... तसंच काहीसं.”

आर्वीकर उठले आणि पुरणपोळीचा घास घेऊन गोठ्याकडे गेले. “आम्ही ज्याचे आभार मानतो त्याले खाऊ घालतो बाप्पा,” असं ते जाता जाता म्हणाले. न्यूजर्सीकरांनी दुसरा वडा मागितला आणि विषय बदलला.

संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल उभे राहिले. ट्रॅक्टर आल्यापासून जोड्या कमी झाल्या आहेत. त्या दिवशी बैलांपेक्षा मोबाइल जास्त होते. मात्र झडत्या म्हणणाऱ्यांचा आवाज कमी झालेला नव्हता. झडती म्हणजे पोळ्यात ताल धरून म्हणायचं, टोमण्याचं पद. महादेवाला नमन करायचं आणि मग सावकारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचं उणंदुणं काढायचं. पुणेकरांनी वही उघडली आणि ‘मौखिक परंपरेतील उपरोध’ असं शीर्षक लिहिलं. एका म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याने पुढच्याच झडतीत चष्मा, वही आणि पुणं अशी तिन्ही एका दमात यमकात बसवली. सगळा पोळा हसला. पुणेकरांनी वही मिटली, तोरण तुटलं आणि पोळा फुटला.

पाडव्याच्या पहाटे दाराशी ठेवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे गावाच्या शिवेबाहेर गेले. रोगराई आणि ईडापीडाही त्यांच्याबरोबर गेली असं मानतात. नागपुरात याच दिवशी मारबतीचे पुतळे निघतात. आमचे चौघे मात्र आर्वीकरांच्या जीपमधून वर्ध्याला निघाले.

वर्ध्याच्या बाजारात नंदींची रांग लागली होती. तळहाताएवढा, मांजराएवढा, वासराएवढा, आणि एक असा, की त्याच्यावर बसून विकणारा चहा पीत होता. पाडव्याला भरणाऱ्या पोरांच्या तान्ह्या पोळ्याची प्रथा नागपूरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १७८९ साली सुरू केली असं सांगतात. खऱ्या बैलांपुढे पोरं भितात, म्हणून त्यांच्यासाठी लाकडाचे बैल. नंदी घडवतो वाढई, म्हणजे इकडचा सुतार. धड एका ओंडक्याचं, कान आणि शिंगं वेगळी करून ठोकलेली, खाली पाटा आणि पाट्याला चार चाकं.

इथे कलेवरचा वाद सुरू झाला. हिंगणघाटकर मास्तरांचं मत पडलं, की रंग दिलेला नंदी घेऊच नये, लाकडाचे रेषे दिसले पाहिजेत. पुणेकरांना नंदीच्या वशिंडात ‘अमूर्ताकडे जाणारा उतार’ दिसला. न्यूजर्सीकरांनी खिशातून टेप काढून विमानाच्या केबिन बॅगेचं माप घेतलं. आर्वीकर फक्त चाकं फिरवून पाहत होते. विकणारा म्हणाला, “काऊन भाऊ, बैल घेऊन रायले का गाडी?” शेवटी मापात बसणारा, रंग नसलेला, उतार असलेला एक सागवानी नंदी घेतला. चौथं चाक जरा घट्ट होतं. “चालवलं की होईल मोकळं,” असं सर्वांनुमते ठरलं.

मास्तरांच्या आग्रहावरून वाट वाकडी करून सेवाग्राम झालं. गांधीजी १९३६ साली इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० चं. मास्तरांनी सगळ्यांना बापू कुटीच्या भिंतीपुढे उभं केलं. मीराबेननी मातीतच उठावात काढलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा. “बघा,” मास्तर म्हणाले, “कुटी मातीची आणि चित्रही मातीचं. रंगाचा खर्च शून्य.” मग ते हरिपुऱ्यावर आले. तिथल्या १९३८ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी गावातली माणसं रंगवली. ढोलकीवाला, सुतार, दळण दळणारी बाई, सगळी मंडपात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी.

“आणि अध्यक्ष सुभाषबाबूंच्या रथाला बैल किती होते, माहीत आहे?” मास्तरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

“दोन,” न्यूजर्सीकर.

“एक्कावन्न. अधिवेशनही एक्कावन्नावं.”

“चारा कोणं टाकला?” आर्वीकरांचा प्रश्न. कलेच्या इतिहासाकडे याचं उत्तर नव्हतं.

पुणेकरांचं म्हणणं वेगळं. वर्ध्याची कला भिंतीवर नाही, शब्दात आहे. १९६९ चं साहित्य संमेलन इथे झालं, अध्यक्ष पु. शि. रेगे. २०२३ चं शहाण्णवावं पुन्हा इथेच, अध्यक्ष न्या. नरेंद्र चपळगावकर. पुणेकरांचं भाषण लांबतंय असं दिसताच आर्वीकरांनी गोरसपाकाचा पुडा फोडला. गाईच्या तुपातलं हे वर्ध्याचं बिस्किट तोंडात टाकताच विरघळायला लागतं, आणि ते विरघळेपर्यंत माणूस बोलू शकत नाही. पुडा संपेपर्यंत साहित्य शांत राहिलं.

दुपारी पॅसेंजरने सिंदी रेल्वे. नावातच ‘रेल्वे’ असलेलं हे सेलू तालुक्यातलं गाव तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध आहे. इथे त्या दिवशी पाहुण्यांची दिवाळी असते. चाकांवरचे मोठाले नंदी सजून रस्त्यावर येतात, पुढे बँड, मागे देखावे, भोवती माणसांचा पूर. न्यूजर्सीकरांना न्यूयॉर्कमधली ‘मेसीज’ या दुकानाची मिरवणूक आठवली. ती १९२४ पासून थँक्सगिव्हिंगच्या सकाळी निघते, वर फुगे, खाली दोऱ्या धरणारी माणसं. “फुग्याले झूल घालतात का?” आर्वीकरांनी विचारलं. घालत नाहीत, हे कबूल करावं लागलं.

एका चौकात पोरांची सजावट-स्पर्धा होती. बॅज लावलेल्या कार्यकर्त्याने न्यूजर्सीकरांच्या हातातला नंदी पाहिला आणि त्यांना रांगेत ढकललं. “बालक कुठे आहे?” “न्यू जर्सीत.” “मग तुम्हीच उभे रहा.” पाच-सहा वर्षांच्या धोतर-फेट्यातल्या स्पर्धकांत एक साठीचा इसम जीन्समध्ये उभा राहिला. त्यांचा नंदी एकटाच उघडा. शेजारच्या नंदीला बेगडी झूल, कपाळावर मोत्यांच्या मठाट्या आणि गॉगल. रंगाचा विटाळ मानणारे मास्तर धावत गेले आणि खिशातल्या रुमालाची झूल करून आले. परीक्षक म्हणाले, “चालवून दाखवा.” न्यूजर्सीकरांनी दोरी ओढली. नंदी तीन पावलं आला, आणि चौथं चाक निखळून नाल्याकडे निघालं.

चाक आणलं शेजारच्या गॉगलवाल्या नंदीच्या मालकिणीने. वय असेल सातेक. तिने चाक कानाशी धरून हलवलं, जवळच पडलेल्या तुटक्या चपलेचा रबरी तुकडा दातांनी तोडून आसावर बसवला, वर चाक ठोकलं आणि हात पुढे केला. “बोजारा.”

तान्ह्या पोळ्यात नंदी घेऊन दारी आलेल्या पोरांना जे पैसे देतात तो बोजारा. न्यूजर्सीकरांकडे डॉलर होते. तिने नोट उलटसुलट पाहिली आणि परत दिली. शेवटी पुणेकरांनी पन्नास रुपये काढले. पुणेकरांच्या खिशातून एवढ्या वेगाने पैसे निघालेले तिघांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. न्यूजर्सीकरांना उत्तेजनार्थ एक कंपासपेटी मिळाली.

परतीच्या गाडीला वेळ होता. सिंदीच्या फलाटावर दिवे लागले, आणि तिकडे न्यू जर्सीत सकाळ झाली. न्यूजर्सीकरांनी व्हिडिओ कॉल लावला आणि नंदी कॅमेऱ्यापुढे धरला. मास्तर लाकडाच्या रेषांकडे बोट दाखवू लागले. पुणेकरांनी वशिंडाचा उतार दिसावा म्हणून नंदी कलता केला. नात थोडा वेळ बघत राहिली.

“आजोबा, हा चालतो का?”

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. मग पुणेकरांनी चष्मा खिशात ठेवला, पँटच्या गुडघ्यांची पर्वा न करता फलाटावर बसले आणि दोरी ओढली. नंदी कुरकुरत पाण्याच्या नळापर्यंत गेला, तिथून वळला आणि परत आला. चाक पडलं नाही. नातीने पुन्हा म्हटलं, पुणेकरांनी पुन्हा ओढला. तिसऱ्या फेरीला लांबून गाडीचा दिवा दिसला, तेव्हा आर्वीकर म्हणाले, “पुणेकर, उठ बे आता. नाहीतर पुन्हा भलत्याच स्टेशनावर उतरशील.”