पैसे भरून जागरण

रात्रभर सायकल चालवायची, त्यासाठी आधी पैसे भरायचे, चारशे किलोमीटर मारून आल्यावर पहिला नंबर कुणालाच द्यायचा नाही आणि पदक हवं असेल तर तेही पदरचे पैसे टाकून घ्यायचं, असा एक उद्योग पुण्यातली शिकलीसवरलेली माणसं दर हिवाळ्यात करतात. त्याला बीआरएम म्हणतात. मूळ फ्रेंच नाव आहे ‘ब्रेव्हे दे राँदोनूर माँदियो’, पण ते धड उच्चारेपर्यंत पहिला चढ येतो, म्हणून सगळे बीआरएमवरच भागवतात.

नियम पॅरिसचे. ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ ही १९०४ सालची संस्था जगभरच्या बीआरएमना मान्यता देते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. एका हंगामात चारही पुरी केली की माणूस ‘सुपर राँदोनूर’ होतो, म्हणजे पुण्याच्या कट्ट्यावर ‘एसआर’. सरासरी पाहिली तर ताशी पंधरा किलोमीटर. ऐकणारा म्हणतो, एवढंच? पण घड्याळ थांबत नाही. चहा, पंक्चर, जेवण, डुलकी, रस्ता चुकणं आणि त्यावरून झालेलं भांडण, सगळं त्याच तासांत बसवायचं. भारतात या खुळाची घडी बसवणाऱ्या ऑडॅक्स इंडियाच्या दिव्या ताटे पुण्याच्याच, त्यामुळे दोष दुसऱ्या गावावर ढकलायचीही सोय नाही.

पुण्याहून साताऱ्याच्या बाजूला ४०० करायची तर महामार्गाने कराडच्याही पुढे जाऊन परत फिरायचं. सकाळी सहाला निघालेला बेताचा सायकलवाला परतीला पहाटे साडेचारच्या सुमारास भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकपाशी येतो. नसरापूरचा फाटा मागे पडलेला, खेड शिवापूरचा टोलनाका पुढे, पुणं तिसेक किलोमीटरवर. हाताशी वेळ चिक्कार. नसते ती फक्त शुद्ध.

महामार्गाकडेच्या टपरीवर स्टोव्ह पेटलेला असेल तर तिथे हमखास एक संवाद होतो.

“कुठनं आलाय?”

“पुण्याहून.”

“आन् चाललाय कुठं?”

“पुण्याला.”

“मग घरीच बसायचं की!”

यावर सायकलवाल्याकडे उत्तर नसतं. तो चहात पारले बुडवतो, ते तुटून तळाला जातं, आणि तो ते बोटाने काढायला लागतो. समोरचे काका मात्र विषय सोडत नाहीत. पहिल्याला काय देत्यात? काही नाही. मग शेवटच्याला? त्यालाही तेच. “म्हंजी दोघंबी सारखंच.” पॅरिसच्या नियमावलीचं सार इतक्या थोडक्यात आयोजकांनाही सांगता येत नाही.

बक्षीस नसलं तरी पुरावा लागतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे ‘कंट्रोल’वर, कार्डावर शिक्का घ्यायचा. रात्री शिक्का मारायला कुणी जागं नसलं की वेळ छापलेली कुठलीही पावती चालते, आणि तिथे एटीएम कामाला येतं. रात्री पावणेतीनला एक माणूस हेल्मेट घालून, चेहऱ्यावर धूळ आणि मिठाचे ओघळ घेऊन, बुटांखालच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर टकटक वाजवत आत शिरतो आणि शंभर रुपये काढतो. खुर्चीत पेंगणारा रखवालदार दचकून उभा राहतो. पैसे येतात, पावती येत नाही. पडद्यावर लिहिलेलं असतं की कागद संपला आहे. मग सायकलवाला रखवालदारालाच विनंती करतो की माझा एक फोटो काढा, मागे मशीन आणि बँकेचं नाव दिसू द्या. रखवालदार काढतो. बँक लुटायला आलेला माणूस स्वतःहून फोटो मागणार नाही, एवढा हिशेब त्याने केलेला असतो.

पोशाखाचे नियम कडक आहेत. हेल्मेट हवं, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगात गाडीच्या प्रकाशात चमकणारं जाकीट. हिवाळ्यातल्या बीआरएम आणि उसाचा गाळप हंगाम एकाच वेळी येतात, त्यामुळे रात्री हा लखलखणारा सायकलवाला ज्याच्यामागे सापडतो त्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागचा दिवा एकही नसतो आणि गाणं मात्र अर्ध्या तालुक्याला ऐकू जाईल असं लावलेलं असतं. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. आतला एक ट्रक दहा ट्रकांचा आवाज करतो. दिवसभर ‘शांततेसाठी सायकल चालवतो’ म्हणणारा तिथे देवाचं नाव घेतो.

झोपेचा प्रश्न सर्वांत जुना. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, साधारण १२०० किलोमीटर, ही या सगळ्याची आजी. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली आणि शार्ल तेराँने ती ७२ तासांच्या आत संपवली. आता ती चार वर्षांतून एकदा होते आणि ९० तास मिळतात. तिच्या नावाने १९१० पासून चाकाच्या आकाराचा एक गोड पदार्थही फ्रान्समध्ये मिळतो. आपल्याकडे इतक्या बीआरएम झाल्या, पण अजून कुणी सायकलच्या चाकाएवढी जिलबी काढलेली नाही.

महाराष्ट्रात या जागरणाचं पुढारपण डॉक्टरांकडे आहे, हे विशेष. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली. समुद्र ते समुद्र सुमारे ४८०० किलोमीटर. दोघांपैकी एक दंतवैद्य, दुसरा भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याने स्वतः मात्र जागायचं. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. रुग्णाला आठ तास झोपेचा सल्ला देताना ही मंडळी कुणीकडे बघत असतील, कोण जाणे.

वरव्यापासून पुढचा टप्पा छोटा, पण लबाड. खेड शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. तिथे बरीच माणसं मिळून एकेका बोटाने जड दगड उचलतात. तिथून पुढे जाणाऱ्या सायकलवाल्याला त्या वेळी स्वतःची दहा किलोची सायकल दुभाजकावरून उचलवत नाही, आणि बोटं तर ब्रेकच्या आकारात वाकलेलीच राहतात. पुढे कात्रजच्या बोगद्याचा चढ. इथवर आलेले बहुतेक जण तो चढतात, कारण खाली उतरून चालायला त्याहून जास्त त्रास होतो.

तेव्हा हिवाळ्यात शनिवारी रात्री साताऱ्याकडून गाडीने येत असाल आणि वरव्याच्या आसपास कडेने लुकलुकत जाणारे लाल दिवे दिसले, तर कर्कश हॉर्न देऊ नका, अपर मारू नका, दोन हात जागा सोडून पुढे जा. टपरीवर भेटलेच तर एक चहा पाजा आणि किती बक्षीस ते विचारू नका.