वाचून मत देण्यास सक्त मनाई आहे

मराठी कादंबरीची आज सगळी सोय झालेली आहे. छापायला प्रकाशक आहे (खर्च क्वचित लेखकाचा असतो, पण तो घरातला मामला). प्रस्तावनेला निवृत्त प्राध्यापक आहेत, प्रकाशनाला आमदार किंवा गेला बाजार नगरसेवक आहे, पुरस्काराला तालुक्यागणिक कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान आहे. आणि 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या कृपेने शेवटच्या मुक्कामाला अनुदानित वाचनालयाचं कपाटही आहे. या सगळ्या मांडवात उपरा माणूस एकच. कादंबरी वाचणारा.

तो मी. साहित्यिक कार्यक्रमात माझी ओळख करून घेताना लोकांची फार पंचाईत होते.

"आपण लिहिता?"

"नाही, वाचतो."

"म्हणजे समीक्षक?"

"नाही."

"पुरस्कार समितीवर?"

"नाही हो."

"मग वाचता कशाला?" असं ते म्हणत नाहीत. चहाचा कप घेऊन दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात.

प्रकाशन समारंभात तीन वक्ते असतात. पहिले कादंबरी वाचून अस्वस्थ झालेले असतात. आजवर स्वस्थ झालेला वक्ता मी पाहिलेला नाही. दुसऱ्यांच्या हाती पुस्तक काल रात्रीच पडलेलं असतं, त्यामुळे ते मुखपृष्ठावर बोलतात. तिसरे अध्यक्ष. ते लेखकाच्या वडिलांवर बोलतात. पुढच्या महिन्यात पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघते. आवृत्ती किती प्रतींची, हे मात्र वधूच्या वयासारखं विचारायचं नसतं. हल्ली यंत्रं अशी निघाली आहेत की शंभर प्रतींचीही आवृत्ती होते, आणि त्यातल्या निम्म्या लेखकाच्या पलंगाखाली असतात.

तर अशा दिवसांत मी काही कादंबऱ्या चक्क वाचल्या. मतं खाजगी आहेत. कोणत्याही प्रतिष्ठानाने मनाला लावून घेऊ नये.

रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' 2019 मध्ये आली, तेव्हा पहिली चर्चा वजनाची झाली. पानं आठशेच्या आसपास, एकाच घराण्याच्या कितीतरी पिढ्या. (याच पठाऱ्यांच्या 'ताम्रपट' नावाच्या कादंबरीला 1999 साली साहित्य अकादमीने पुरस्कार दिला. अकादमी पुरस्कारात ताम्रपटच देते. असा विनोद आम्हा सदरवाल्यांना जन्मात सुचत नाही.) कुलवृत्तांताबद्दल माझं मत असं: पूर्वज आपापल्या तोंडाने हकिकत सांगतात तेव्हा पान सुटत नाही, निवेदक सिद्धांत मांडायला बसला की मी पाणी प्यायला उठतो. पण हे मत सांगायची सोय नाही. ऐकणारा आधी लेखकाचं आडनाव तपासतो, मग माझं, आणि दोन्हींची बेरीज करून कादंबरी कशी असेल ते स्वतःच ठरवतो. न वाचता इतकं अचूक ठरवता येतं, हे पाहून मला माझ्या गेलेल्या वेळाचं वाईट वाटलं.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर झालेली भाषणं मी कान देऊन ऐकली. विस्थापन आलं, दाहक वास्तव आलं, जागतिकीकरण तर आलंच आलं. म्हैस आली नाही. आता ही कादंबरी म्हशीची आहे हो! धरणामुळे गाव उठलं, माणसं नव्या जागी गेली, म्हैस मागे राहिली, आणि राहता राहता रानटी झाली. तिला आणायला माणूस जातो. पुढे कोण कुणाच्या मागावर आहे हेच कळेनासं होतं. अलीकडच्या मराठीत इतका जीव टांगणीला लावणारा पाठलाग मी वाचलेला नाही. गुप्तहेरांना स्वित्झर्लंडला पाठवणाऱ्या आमच्या रहस्यलेखकांनी एकदा त्या रानात जाऊन यावं. वक्त्यांनी म्हैस टाळली याचं कारण उघड आहे. ती आतल्या पानांत आहे. विस्थापन मलपृष्ठावर आहे.

"फार बोलीत लिहिलंय, आपल्याला नाही बुवा कळत," असं मला एका स्नेह्यांनी सांगितलं. हे स्नेही रात्री दोनपर्यंत कोरियन मालिका बघतात.

देवीदास सौदागर यांच्या 'उसवण'ची गंमत वेगळी. तयार कपड्यांच्या लाटेत मोडून पडणाऱ्या शिंप्याची ही लहानखुरी कादंबरी. अकादमीचा 2024 चा युवा पुरस्कार मिळाला, आणि लेखक स्वतः तुळजापुरात शिलाईकाम करतो म्हटल्यावर बातम्यांत शिलाई मशीन आधी आणि पुस्तक नंतर असं झालं. शिंपी असूनही कादंबरी लिहिली, याचं केवढं कौतुक! प्राध्यापक असूनही कादंबरी लिहिली, अशी बातमी मात्र कुणी देत नाही. खरं तर नवल तिथे आहे. मला विचाराल तर, शिंप्याचा धंदा बसतो तो सगळा या पुस्तकात गिऱ्हाइकाच्या मापात आणि उधारीत दिसतो, त्यावर व्याख्यान नाही. आठशे पानंवाल्यांनी हे कापड बेतणं शिकून घ्यावं.

नंदा खरे यांची 'उद्या' जरा आधीची, पण तिचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. 2020 चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. नाकारला म्हणून लोकांना कादंबरीचं नाव कळलं. घेतला असता तर सत्कारातच आटोपलं असतं. प्रत्येक माणसावर पाळत असलेलं भविष्य त्यात आहे. मित्राला फोनवर तिच्याबद्दल सांगितलं, तर संध्याकाळी फोनच मला ती विकायला लागला.

ऐतिहासिक आणि पौराणिक विभागाबद्दल थोडक्यात. 'मृत्युंजय' 1967 ची. तेव्हापासून महाभारतातली इतकी पात्रं आपली बाजू मांडून गेली की आता रथाचे घोडे तेवढे उरलेत. 'छावा' कादंबरी 1979 ची. 2025 मध्ये हिंदी चित्रपट आल्यावर ती नवीच निघाली असं समजून विचारणारे मला भेटले. एकाने तर "चित्रपटावरून पुस्तकही काढलं वाटतं" म्हणून लेखकाच्या चपळाईचं कौतुक केलं. नव्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमधल्या सरदारांचा आवाज मात्र दिवसेंदिवस निवडणुकीच्या सभेसारखा होत चाललाय. स्वयंपाकघरातसुद्धा ते बुलंद बोलतात.

परवा एका लेखकाचा फोन आला. नाव सांगत नाही, त्यांची पाचवी आवृत्ती येऊ घातली आहे.

"तुम्ही माझी कादंबरी वाचलीत असं ऐकलं. खरं आहे का?"

मी घाबरत हो म्हटलं. म्हटलं, आता मतं विचारणार, भांडण होणार.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग एक काम कराल? उद्याचे अध्यक्ष शेवट काय आहे म्हणून विचारतायत. भाषणात घालायचाय. मी बाहेर आहे, पुस्तक जवळ नाही. तेवढं दोन ओळींत पाठवता?"