आज काय शिकवलं?

पालकभाऊंना तुम्ही ओळखता. सकाळी साडेआठला मोटारसायकलच्या टाकीवर पावणेतीन वर्षांचं लेकरू बसवून, त्याच्या गळ्यातली इलॅस्टिकची टाय वाऱ्यानं तोंडात जाऊ नये म्हणून एका हातानं दाबून धरत, दुसऱ्या हातानं गाडी हाकणारा माणूस चंद्रपूरच्या कुठल्याही वस्तीत दिसतो. आमच्या कॉलनीतले पालकभाऊ वेकोलित आहेत, कोळशाच्या भूमिगत खाणीत. साबणाच्या किती वड्या झिजवल्या तरी नखांच्या कडेची काळी रेघ जात नाही म्हणून ते हात बहुतेक खिशात ठेवतात. माणूस एरवी सरळ. उधारी ठेवत नाही, चैत्रात महाकालीच्या यात्रेला पायी आलेल्यांना पाणी वाटतो, आणि रात्रपाळीहून आल्यावर सुद्धा लेकराला सोडायला स्वतः जातो. फक्त एका प्रश्नानं त्याला झपाटलं आहे.

"आज काय शिकवलं?"

हा प्रश्न ते फाटकातच विचारतात. पोट्ट्याच्या एका पायात बूट असतो, दुसरा दप्तरात असतो, पाण्याची बाटली उलटी लोंबत असते. तो आधी आठवायला डोळे वर करतो.

"मॅडमनं पिवळी साडी घातली होती."

"मंग?"

"त्या पोट्टीनं मले चावलं."

"मंग?"

"मंग मी पन चावलो."

"अरे पन शिकवलं काय?"

"काई नाई."

मला विचाराल तर दिवस चांगला भरगच्च गेला होता. पण पालकभाऊंच्या चेहऱ्यावर पिशवी घेऊन रेशन दुकानातून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाची कळा येते. फी तीन हप्त्यांत भरलेली असते. रविवार, सणवार, आणि लेकराला सर्दी झाली ते अकरा दिवस वजा करून एक दिवस कितीला पडतो, हे त्यांनी मोबाइलवर काढून ठेवलं आहे. त्या रकमेत आज एक पिवळी साडी आणि दोन चावे आले.

बरं, त्यांनी पुराव्याची व्यवस्था केली नाही असं नाही. वर्गात कॅमेरा आहे आणि तो फोनवर दिसतो. पण खाणीत खाली फोनच नेता येत नाही. त्यामुळे आठ तास पृथ्वीच्या पोटात असलेला हा बाप वर आला की चेहऱ्यावरची काजळी पुसायच्या आधी फोन उघडतो, आणि त्याला दिसतो तो रिकामा वर्ग, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या आणि झाडू मारणारी मावशी. एकदा त्यांनी मला तो वर्ग दाखवला. आम्ही दोघं पाच मिनिटं मावशीचं झाडणं पाहत बसलो. "काम साफ हाय तिचं," ते म्हणाले.

राहिले व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचे फोटो. चौदा फोटो येतात. पालकभाऊ एकेक फोटो दोन बोटांनी ताणत जातात. ताणता ताणता भिंतीवरचा हत्ती दिसतो, दुसऱ्याचं पोट्टं तीनदा दिसतं, आणि अकराव्या फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर. "हा आमचा," ते खात्रीनं सांगतात. कोपरावर मच्छर चावल्याचा डाग असतो, त्यावरून ओळख पटते. मग रात्री बायकोजवळ विषय निघतो, की इतर लेकरांचं तोंड येते आणि आपल्याच लेकराचं कोपर कसं येते. पालकवहिनी म्हणतात, "तोंड येईन तवा जेवता काय?" वहिनींबद्दल एवढंच पुरे. घरात एक शहाणं माणूस असतं, त्याच्यावर लेख होत नाही.

पालकसभेत पालकभाऊ पहिल्या रांगेत असतात. खुर्च्या लेकरांच्या, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकलेले. मॅडम सांगतात, या वयात आम्ही खेळातूनच शिकवतो. पालकभाऊ उठतात, खुर्ची त्यांच्याबरोबर उठते. "मॅडम, खेळ त आमच्या घरी फुकट होते." सभेत हशा पिकतो, पण माना हलतात. प्रत्येक माणसाच्या मनात तेच असतं, म्हणणारा तेवढा एकच असतो. त्यानंतर मॅडमनं शहाणपण केलं. रोज दप्तरात एक झेरॉक्सचा कागद टाकायला सुरुवात केली. सफरचंद रंगवा. सफरचंद कमी लाल, आजूबाजूचा परिसर जास्त लाल. पालकभाऊंनी तो कागद फ्रिजवर लावला आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

कागदानं भूक वाढते. मग आल्या रेघा. नर्सरीत उभ्या रेघेला स्टँडिंग लाइन म्हणतात आणि आडव्या रेघेला स्लीपिंग लाइन. रात्री दहाला, चंद्रपूरच्या थर्मल वीज केंद्राच्या २९२० मेगावॉटमधले चाळीस वॉट डोक्यावर लावून, पालकभाऊ लेकराचा हात धरून गिरवून घेतात. लेकराची स्टँडिंग लाइन मधेच खाली बसते, स्लीपिंग लाइन उठून चालायला लागते, आणि थोड्या वेळानं लेकरू स्वतःच स्लीपिंग लाइनमध्ये जातं. उरलेल्या चार रेघा बाप काढतो. दुसऱ्या दिवशी वहीवर 'व्हेरी गुड' आणि एक तारा. तो तारा कोणाला मिळाला, याची चर्चा आम्ही कॉलनीत करत नाही.

आता, पालकभाऊ मूळचे आमच्याच गावचे. आष्टीवरून आलापल्लीकडे जाताना लागतं, गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात. माझी वहिनी तिथं अंगणवाडी सेविका आहे. पालकभाऊंच्या मते ती 'खिचडीवाली शाळा'. सरकारी, फुकट, म्हणजे शिकवत नसणारच. मी एकदा त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की बाबा, अंगणवाडी ही कल्पना कोणा कारकुनाची नाही. ताराबाई मोडकांची आहे. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीत राहिल्या, म्हणजे आपल्या विदर्भाचं पाणी प्यायलेल्या. पुढे भावनगरला बालशिक्षणवाल्या गिजुभाईंबरोबर काम केलं, आणि १९४५ साली बोर्डीला गावातल्या गरीब लेकरांसाठी बालवाडी काढली. लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आधी लेकरांचे नाक-डोळे धुणं, केस विंचरणं, मग गाणी. सरकारची योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली.

पालकभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "मंजे तेव्हापासून एबीसीडी नाईच," ते म्हणाले.

गावाकडे हा प्रश्नच वेगळ्या तोंडानं विचारला जातो. तिथं आईबाप दिसत नाहीत. मार्च-एप्रिलात आई पहाटे चारला टोपली घेऊन मोह वेचायला रानात, मे महिन्यात तेंदूपत्ता. लेकराला अंगणवाडीत आणते ती बुढी. आणि बुढीचा प्रश्न ठरलेला, "बाई, आज अंडा हाय का केरा?" झाडीच्या बोलीत ळ नाही, त्यामुळे केळ्याचा केरा होतो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून आठवड्यातले चार दिवस लेकरांना अंडं किंवा केळं मिळतं. बुढ्यांना ते वार पंचांगापेक्षा पक्के पाठ. एक बुढी तर अंड्याच्या दिवशी दाराशीच बसून राहते, लेकराचं तोंड हलताना पाहते, मग उठते. मला ही पालकसभा आवडते. विचारते तेवढंच, जे दिसतं.

एकदा वहिनीनं एका बापाला सांगितलं, "तुझं लेकरू मॅममध्ये हाय." वजन-उंचीच्या तक्त्यावर मध्यम कुपोषित लेकराला मॅम म्हणतात, तीव्र असेल तर सॅम. बापाला वाटलं वरचा वर्ग. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, की याचा पोट्टा मॅममध्ये गेला, शेजाऱ्याचा अजून साधाच आहे. वहिनीला हसू आलं नाही. ती तीन संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसली, लेकराला दिवसातून किती वेळा भरवायचं ते सांगत. महिन्याभरानं पोट्टं मॅममधून बाहेर आलं, तर बाप खट्टू झाला. "नापास झाला का जी?"

वहिनीचं स्वतःचं प्रगतिपुस्तक मोबाइलमध्ये असतं. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं त्यात भरायचं. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. त्यामुळे दुपारी बाई टाकीवर उभी राहून आकाशाला फोन दाखवते आणि खाली उभी लेकरं ओरडतात, "गेलं का? गेलं का?" लेकरांना वाटतं, तीही एक कविताच आहे.

अंगणवाडीच्या भिंतीवर आगगाडी रंगवली आहे. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे ठाऊक आहे ती फक्त दूर वडशाची. ही काय, असं विचारल्यावर आमच्या गावच्या लेकरांनी बेधडक उत्तर दिलं, "सुरजागडच्या ट्रका." बरोबरच आहे. लोहखनिज भरलेल्या त्या ट्रका एकामागं एक, लाल धूळ उडवत, शेपूट संपतच नाही. वहिनीनं त्यांना दुरुस्त केलं नाही, उलट इंजिनाला एका लेकराकडून लाल खडू फासून घेतला.

डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. राज्यभर कुलपं लागली, जानेवारी उजाडला तरी उघडेनात. 'तिथं शिकवतात काय' म्हणणारी सगळी माणसं त्या दिवसांत पोरं कडेवर घेऊन फिरत होती. धान मळणीचे दिवस, खळ्यावर लेकरू, चुलीजवळ लेकरू, बैलाच्या पायात लेकरू. वहिनी मानधनासाठी मोर्च्यात बसली होती. गावच्या बुढीनं तिला फोनवर विचारलं, "बाई, येतेस कवा? आमचा पोट्टा बिना सांगता हात धूत नाई." पालकभाऊंना हे मी सांगितलं, तर ते म्हणाले, "पाहा, म्हणजे शिकवत नाहीतच, हात धुवून घेतात."

गेल्या एप्रिलात त्यांच्यावर वेळ आली. नर्सरीला सुट्टी लागली, चंद्रपूर त्रेचाळीसच्या पुढे गेलं, पालकवहिनींना माहेरी लग्नाला जाणं भाग होतं. पालकभाऊ रजा टाकून लेकराला घेऊन गावी आले. दुसऱ्याच सकाळी चुलत बहिणीचं बोट धरून पोट्टं अंगणवाडीत पळालं. टाय नाही, बूट नाही, फोटो नाही. पालकभाऊ मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून राहिले. माझ्याकडे तीनदा पाहिलं, अंगणवाडीच्या खिडकीकडे तेरा वेळा. आतून गाण्याचा आवाज येत होता. शब्द मराठी होते की गोंडी, एवढ्या लांबून कळत नव्हतं, आणि कोणालाच सूर सापडत नव्हता.

अकराला पोट्टं आलं. ओठाला अंड्याचा पिवळा बलक लागलेला, गुडघ्यांना माती. पालकभाऊंनी आवंढा गिळला. मला दिसत होतं, ते स्वतःला आवरत होते. पण सवय ती सवय.

"बेटा, आज काय शिकवलं?"

पोट्ट्यानं 'काई नाई' म्हटलं नाही. तो खाटेसमोर येऊन उभा राहिला, पाय जुळवले, आणि थेट आमच्या वहिनीच्या आवाजात म्हणाला, "हात पुढे."

पालकभाऊंनी हात खिशातून काढले. आधी तळवे. पोट्ट्यानं बोटानं तळवा घासून पाहिला. "उलटे." पालकभाऊंनी उलटे केले. तो वाकला, एकेक नख निरखत डाव्या करंगळीपासून उजव्या करंगळीपर्यंत गेला, आणि परत डावीकडे आला. दारात बुढी पदर तोंडाला लावून उभी होती.

"काळे हायेत," तो म्हणाला. "उद्या कापून येजो."

"हो जी," पालकभाऊ म्हणाले.