पळपुटे काका

पहाटे पावणेपाचला गल्लीतली कुत्री भुंकली की समजावं, काका निघाले. साडेपाचला तीच कुत्री पुन्हा भुंकली की समजावं, काका परतले. काकांचं खरं आडनाव आता फक्त पोस्टमनला आठवतं. गल्लीनं कधीच त्यांचं 'पळपुटे' असं बारसं करून टाकलंय.

वर्धा हा तसा चालणाऱ्यांचा जिल्हा. 1930 साली दांडीपर्यंत पायी गेलेले गांधीजी 1936 मध्ये आजच्या सेवाग्रामला राहायला आले, आणि तिथंही असे झपाझप चालायचे की सोबतच्यांची दमछाक व्हायची. पवनारचे विनोबा भूदानासाठी तेरा वर्षं देशभर चालले. अशा भूमीत कुणी धावताना दिसला, की लोक आधी त्याच्यामागे कोण लागलंय ते बघतात. पहिल्या दिवशी काकांना पानठेल्यावाल्यानं थांबवून विचारलं होतं, "काय झालं जी? घरी सर्व बरं आहे ना?"

घरी सर्व बरं नव्हतंच. काका एका ऑफिसात हिशेबाला. बाकीच्यांचा मार्च एप्रिलमध्ये संपतो, काकांचा बारा महिने चालायचा. रात्री तीनपर्यंत पंख्याकडे बघत पडायचे आणि सकाळी त्या जागरणाचं बिल घरच्यांवर फाडायचे. कुकरची शिट्टी एक जास्त झाली तरी चौकशी बसायची. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशीसुद्धा भांडायचे; ती ऐकत नाही म्हणून आणखी चिडायचे. शेवटी डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आणि म्हणाले, "रोज घाम येईल असं काहीतरी करा."

"घाम?" काका उखडले. "मे महिन्यात वर्ध्यात नुसतं बसलं तरी येते!"

पण काकूंनी चपलांच्या जागी बूट आणून ठेवले. काका पहिल्या दिवशी विजेच्या एका खांबापर्यंत धावले आणि त्याच खांबाला मिठी मारून उभे राहिले. मग त्यांनी हिशेब बसवला: एक खांब धावायचं, एक खांब चालायचं. खांब वाढत गेले. तीन महिन्यांत हनुमान टेकडीचा पायथा आला. आता रविवारी थेट सेवाग्राम, आठेक किलोमीटर. येतात मात्र ऑटोनं, पण ती बाजू ताळेबंदात दाखवत नाहीत.

माणूस धावायला लागला की पायांच्या दुप्पट त्याचं तोंड धावतं. रविवारी तर्री-पोह्यांच्या गाडीवर काकांचं प्रवचन असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 75 मिनिटं दमवणारा व्यायाम सांगते, हे ते तर्रीची दुसरी पळी ओतून घेत सांगतात. "हे जे बरं वाटते ना, ते एंडॉर्फिन!" मेडिकलला शिकणारा त्यांचा भाचा एकदा मध्ये पडला. म्हणाला, "मामा, रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. आता संशोधक एंडोकॅनाबिनॉइडकडे बोट दाखवतात. शरीर स्वतःच बनवतं, गांजाच्या जातकुळीचं." काका हादरले. पोटात दारूचा थेंब न गेलेला माणूस रोज पहाटे हनुमान टेकडीवर नशा करत होता!

त्याच भाच्यानं त्यांना 1999 सालचा ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास सांगितला. नैराश्य असलेले, पन्नाशी ओलांडलेले 156 जण. काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच. काकांनी लगेच गोळ्यांचं पाकीट उचललं. "ठेवा खाली," भाचा ओरडला. "ती बीपीची आहे! आणि कुठलीच गोळी स्वतःच्या मनानं सोडायची नसते."

एकदा मी काकांना एकटं गाठून विचारलं, धावताना नेमकं होतं काय? ते प्रथमच आवाज खाली आणून बोलले. "पहिल्या खांबाला साहेब डोक्यात असते. तिसऱ्या खांबाला त्याला द्यायचं उत्तर सुचते. सहाव्याला दम लागते, श्वास सांभाळावा लागते. तेव्हा साहेब बिचारा मागच्या मागं राहून जाते. टेकडीवर मी एकटाच पोहोचतो." मग लाजून म्हणाले, "झोप येते रे आता."

गेल्या पावसाळ्यात काकांचा पाय मुरगळला. पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांची चौकशी सुरू झाली. पाचव्या दिवशी टीव्हीवरची बाई पुन्हा शिव्या खाऊ लागली. आठव्या दिवशी मुलगा अभ्यासाच्या निमित्तानं मित्राकडे राहायला गेला. दहाव्या दिवसापासून तर कुत्रीसुद्धा पावणेपाचला उगाच दारापाशी येऊन बसायची. एवढे दिवस आम्ही समजत होतो की काका स्वतःसाठी धावतात. औषध काका घेत होते आणि गुण अख्ख्या गल्लीला येत होता.

सोळाव्या दिवशी पहाटे कुत्री भुंकली. मी खिडकीतून डोकावलो. काकूंनी बुटांच्या नाड्या स्वतःच्या हातानं बांधून काकांना फाटकाबाहेर काढलं होतं आणि वर कडीही लावली होती.

"काकू, एवढी घाई?" मी विचारलं.

काकूंनी चहाचा कप घेऊन पायरीवर बैठक मारली. "ते रोज पळतात म्हणून मी या घरात राहिली जी," त्या म्हणाल्या, "नाहीतर मीच पळून गेली असती!"